सतरा नंबरचा गहू

११ जानेवारी

आज साहेबांनी मला ही डायरी दिली. खताच्या कुठल्या कंपनीची, गेल्या सालची. तारखा खोडून वापरायची. म्हणाले, धुळा, तू शिकलेला आहेस, रोजचं काम आणि हवामान लिहीत जा. नववी नापास म्हणायला त्यांची जीभ रेटली नसावी. हवामान पुढून लिहीन, हे मागून लिहितो. मागून कोण वाचत नाही.

काम काय, तर गव्हाचे संसार मोडणे. ओंबीतल्या एकेका फुलात नर आणि मादी एकत्र नांदतात. आपण चिमट्याने फूल उघडायचं, आतले तीन पिवळे कण उपटायचे, ते नर. मग ओंबीला कागदाची पिशवी घालायची, चिठ्ठी बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गव्हाचे नर आणून तिच्यावर झाडायचे. जे दाणे धरतील ते साहेबांचे. चौदा बायका हे करतात आणि मी एक गडी. आमच्या माळशिरसकडच्या वस्तीवर कळलं तर मेंढरं पण हसतील.

शिकवायला केराबाई आहे. सगळे अक्का म्हणतात. वीस वर्षं झाली तिला इथं, अजून रोजंदारीवरच. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं मोजते कानडीत. ओंदू, एरडू, मूरू, की पुढचं फूल. आज मी बोलत बसलो आणि एका फुलात मूरू राहून गेला. तिनं ती ओंबीच मोडून टाकली.

"आरं, एक जरी आत दडून ऱ्हायला तर घर त्येचंच. फुडची सात वर्सं पाण्यात," म्हणाली.

सात वर्षं कोण थांबतंय अक्का, मी म्हणालो, मी तर होळीला जाणार. भोसरीची कंपनी, हिंजवडीचं हॉटेल, बारामतीचा पोल्ट्री फार्म, कुठंच वर्ष काढलं नाही. ती म्हणाली, जा की, पण आधी हे शेत पुरं कर.

३ फेब्रुवारी

इथं गव्हात लोह वाढवतात. लोह म्हणजे लोखंडच, पण रक्तातलं. आपण खातो त्या गव्हात ते किलोमागं तीसेक असतं, साहेबांना चाळीसच्या वर पाहिजे. तीस काय आणि चाळीस काय, मी विचारलं होतं, पण उत्कर्षा मॅडमनं जे सांगितलं त्यात मिलिग्राम आलं आणि मी मान हलवली.

आमचे साहेब म्हणजे डॉक्टर इंद्रजीत. सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत, गव्हाचे. जुळे सोलापूरला फ्लॅट. केंद्र वळसंगच्या पुढं, म्हणून रोज गाडीतून येतात आणि उतरल्यावर आधी बूट झटकतात. उत्कर्षा मॅडम त्यांच्या हाताखाली संशोधन करते. सगळी वजनं, सगळ्या वह्या तिच्याकडं.

आज मोठी गंमत झाली. साहेबांचा डबा उचलून गाडीत ठेवायला गेलो तर झाकण निघालं. आत बाजरीची अर्धी भाकरी आणि दुधी. ड्रायव्हर म्हणाला, डॉक्टरनं गहू बंद केलाय त्यांचा, चपाती खाल्ली की पोट फुगतं. बावीस वर्षं गव्हावर काढली माणसानं. ज्वारीच्या मुलखात गहू सुधारायला बसलाय आणि स्वतः खातोय बाजरी. अक्काला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, त्येंच्या पोटाला काय कमी हाय, त्येनी न्हाय खाल्लं तरी चालतंय.

२७ फेब्रुवारी

साहेबांनी सगळ्यांना झाडाखाली बसवलं. यंदा प्रकल्पाचं शेवटचं वर्ष. चाळीसच्या वर एक तरी नंबर निघाला तर तो देशभरच्या मोठ्या चाचणीला जाणार आणि इथलं काम पुढं चालू राहणार. नाही निघाला तर जूनपासून गव्हाचं काम बंद, मजूर बंद. केंद्राकडून फक्त एकच नंबर पाठवता येतो हेही सांगितलं. हे सगळं इतक्या गोड आवाजात की दोन बायकांना वाटलं पगार वाढला.

शेतात चोवीस नंबर उभे आहेत. चोवीस वाफे, चोवीस पाट्या. अक्काचा जीव तेवीसवर. आठ वर्षांपूर्वी तिनं माहेरच्या जुन्या गव्हाचं मूठभर बी आणून दिलं होतं आणि त्यातून तेवीस निघाला. कागदावर तिचं नाव नाही. कागदावर 'स्थानिक स्रोत' असं लिहिलंय. मी तिला म्हणालो, अक्का, तू स्रोत आहेस. तिला वाटलं मी शिवी दिली.

होळीला जायचं पुढं ढकलतो. बंद पडणारी जागा बघून जावं.

१५ मार्च

कापणी झाली. तपासणीचे नमुने मळायचे, तेही हातानं. मशीनला हात लावायचा नाही. उत्कर्षा मॅडमनं आज सकाळी नियम वाचून दाखवले. अकरा होते. मी तिसऱ्यापर्यंत ऐकले. कापडी पिशवीत ओंब्या घालायच्या, वरून चोळायच्या, आणि असंच काहीबाही.

बायकांनी आपापले नंबर दुपारपर्यंत उरकले. माझ्याकडं एकटा सतरा राहिला. सतराची कुसळं अशी की साळिंदरच. पिशवीतून पण टोचतात. तळहात सोलून निघाले. पाचच्या एसटीनं सोलापूरला जायचं होतं, भोसरीचा जुना दोस्त येणार होता. अशानं सहा वाजले असते. मग शेडमागं जाऊन ते जुनं लोखंडी घमेलं घेतलं, बूड खरखरीत, तांबूस झालेलं, त्यात ओंब्या ओतल्या आणि पहारीच्या बुडानं ठेचत, रगडत सगळं मोकळं केलं. पंधरा मिनिटांत काम खलास. फुंकून पाखडलं, दाणे पिशवीत भरले, वहीत 'हाताने मळले' लिहून सही ठोकली. खोटं कुठं लिहिलं? पहार काय पायानं धरली होती?

अक्का पाणी प्यायला तिकडं आली होती. बघून गेली. काही बोलली नाही, म्हणजे बरोबरच असणार.

एसटी मिळाली. दोस्त आलाच नाही.

२१ मे

लोहाचे आकडे आले. साहेब कागद घेऊन पळत आले. साहेब पळतात हे मला माहीतच नव्हतं.

सतरा नंबर, त्रेसष्ट.

पुन्हा लिहितो, त्रेसष्ट. चाळीस पाहिजे होते. बाकी सगळे तीस-बत्तीस-पस्तीस. फक्त तेवीस बेचाळीस, म्हणजे तोही पास, पण त्रेसष्टपुढं बेचाळीसला कोण विचारतो? साहेब म्हणाले, असा आकडा त्यांनी जन्मात पाहिला नाही. चौदा बायकांचं काम वाचलं. पेढे आले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, सतरा तुझ्याकडं होता ना? माणसाचा हातगुण असतो.

हातगुण. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मग आता टिकून ऱ्हा बाबा एका जागी.

अक्का पेढा हातात धरून तेवीसच्या पिशवीकडं बघत होती. मी म्हणालो, अक्का, वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा पण पास झालाय. तिनं पेढा अर्धा मोडून मला दिला. माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तिचा भांडं फोडलेला नातू. हेवा वाटत असणार. माणूसच आहे.

१९ जून

कार्यक्रम झाला. मांडव, स्टेज, पाहुणे. 'पोषणयुक्त गहू, सुदृढ माता' असा फलक. सतराचं बी सगळं मिळून आठ किलो, ते काचेच्या बरणीत स्टेजवर ठेवलं होतं, हार घालून. एक पाहुणा त्याच्या पाया पडला.

आधी आरोग्य तपासणी होती म्हणून आमच्या बायकांची बोटं टोचून रक्त बघितलं. बारा पाहिजे म्हणे. अक्काचं साडेसात. चौदातल्या अकरा जणी दहाच्या खाली. डॉक्टरीणबाईनं अक्काला विचारलं, तुम्ही कामाला कुठं असता? अक्का म्हणाली, हितंच, लोखंडाच्या गव्हात. डॉक्टरीणबाईनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, लोह असलेलं खात जा.

मग साहेबांचं भाषण. हा गहू या माझ्या कष्टकरी भगिनींसाठी आहे, असं म्हणून त्यांनी हात केला, तर भगिनी तिकडं ताटं पुसत होत्या. जेवायला पुरी-भाजी. गहू बाजारातला. बरणीतला जपायचा, तो माणसांनी खायचा नाही. साहेबांनी नुसता भात घेतला.

पेपरला फोटो आला. बरणी मधोमध, साहेब बरणीमागं. कडेला एक कोपर दिसतं, ते माझं आहे.

८ जुलै

आता एक नवीनच. उत्कर्षा मॅडम माझ्याशी बोलायला लागलीय. आधी 'पिशवी इकडं ठेव' याच्या पुढं गाडी नव्हती. आज चहाच्या वेळी येऊन बसली, विचारलं, धुळा, सतरा तू एकट्यानंच मळला ना? किती वेळ लागला? मी म्हणालो, असाच, झटक्यात. ती म्हणाली, अरे वा, बाकीच्यांना तर दोन-दोन तास लागले. असं कौतुकानं बघत होती.

१२ जुलै

आज पुन्हा. कुठं बसून मळला होतास, दाखव ना, म्हणाली. दोघंच शेडमागं गेलो. तिथं आता गवत वाढलंय. तिनं इकडं तिकडं बघितलं, मातीची एक चिमूट पुडीत बांधून घेतली. आठवण म्हणून असेल. शिकलेल्या बायांचं काही सांगता येत नाही.

सोलापूरला जाऊन निळा शर्ट आणला.

१८ जुलै

निळा शर्ट घातला होता. मॅडम म्हणाली, छान आहे. मग म्हणाली, धुळा, खरं सांग, दाणे कशात मळलेस? मी म्हणालो, तुम्हाला म्हणून सांगतो, आणि घमेल्याची सगळी गोष्ट सांगितली, पहारीसकट, हसत हसत. मला वाटलं हसेल. तिनं डोळे मिटले. मग मला घमेल्याच्या बुडावरनं बोट फिरवायला सांगितलं. बोट तांबडं झालं.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"गंज."

"आणि गंज म्हणजे काय?"

आता हे मी इथं परत लिहीत नाही. लिहिलं तर अजून एकदा लाज वाटेल. नियम नंबर सात होता, लोखंडाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. मी तिसऱ्यापर्यंत ऐकले होते.

तिनं प्रदर्शनासाठी बाजूला ठेवलेल्या सतराच्या ओंब्या स्वतः हातानं मळून परत तपासायला पाठवल्या होत्या. आकडा आलाय, एकतीस. तेवीस मात्र पुन्हा बेचाळीसच. म्हणजे ज्याच्या पाया पडले ते आमच्या शेडमागचं घमेलं होतं.

मी विचारलं, मग एवढे दिवस तुम्ही माझ्याशी बोलत होता ते याच्यासाठी? ती म्हणाली, म्हणजे? मी म्हणालो, काय नाही.

२ ऑगस्ट

मॅडमनं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, प्रदर्शनातल्या ओंब्या म्हणजे नमुना नव्हे. तिचा प्रबंध त्यांच्या सहीवर अडकलाय, ती गप्प बसली. मग मीच गेलो. माझी चूक, मीच सांगतो. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी कबूल करायला स्वतःच्या पायानं गेलो, त्याची नोंद इथं असावी.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग वही उघडून माझ्यापुढं सरकवली.

"काय लिहिलंय? वाच."

"हाताने मळले."

"सही कुणाची?"

"माझी."

"मग कागदावर विश्वास ठेवू की तुझ्या बोलण्यावर? दिल्लीपर्यंत आकडा गेलाय धुळा. विज्ञान नोंदीवर चालतं."

नंतर एकदम मऊ झाले. म्हणाले, तुझ्यासारखा पोरगा रोजंदारीवर शोभत नाही, तुझं कायमचं बघतो मी. मला आतून असं झालं की आता गप्प बसावं. कायम. आईचा चेहरा दिसला.

दारापर्यंत गेलो तर मागनं विचारतात, "ते घमेलं आहे कुठं?" सांगितलं. आज संध्याकाळी बघतो तर घमेलं जाग्यावर नाही. बडेसाब चाचा, आमचे वॉचमन, म्हणाले, साहेबांनी भंगारात घालायला लावलं. एवढी कामं असताना साहेबांना घमेल्याची काय पडली होती कळत नाही.

४ ऑगस्ट

अक्काला सांगितलं. वाटलं, रडेल, शिव्या देईल. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, फोडतच राहिली.

"मला ठावं हाय. बगितलं हुतं की तुला, ठेचताना," म्हणाली.

मग तेव्हाच का बोलली नाहीस, मी विचारलं. तिला वाटलं होतं तपासणीचं एवढं लाखाचं मशीन, त्याला गहू आणि गंज यातला फरक कळेलच. पेढे आले तेव्हा कळलं की कळलेला नाही. आणि तोवर चौदा जणींचं काम वाचलं होतं.

"तेवीस माझा हाय. पर पोरींच्या चुली तेवीसवर न्हाईत, सतरावर हायती. दिल्लीला त्येचंच नाव गेलंय. तू आता गप ऱ्हा," म्हणाली.

आठ वर्षांचा गहू तिनं असा एका वाक्यात बाजूला ठेवला. मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून विहिरीची मोटर दोनदा चालू-बंद केली.

११ ऑक्टोबर

आज पेरणीचा आराखडा लागला.

यंदा फक्त सतरा पेरायचा, मोठ्या चाचणीसाठी. बाकी नंबर बाद. दिवाळीनंतर त्यांच्या पिशव्या कोंबड्यांच्या खाद्यात. म्हणजे तेवीस पण. आणि यंदाचे नमुने बाहेरची माणसं येऊन मळणार, त्यांच्या भांड्यांत.

मी बसून हिशेब लावला, हा मला जमतो. मे महिन्यात सतराचा आकडा येणार एकतीस. सतरा नापास. तोवर तेवीस कोंबड्यांच्या पोटात. म्हणजे खोटाही गेला आणि खराही गेला. चौदा जणींचं काम एक वर्ष उशिरा बंद होणार, एवढंच. अक्काला समजावलं. म्हणाली, मग?

बघतो, मी म्हणालो. माझं कायमचं साहेबांनी अजून काही बघितलेलं नाही.

४ नोव्हेंबर

जमलं. सोपं होतं. बियाण्याच्या खोलीत सतराची पिशवी, बरणीतलं बी आता तिच्यात, आणि तेवीसची पिशवी एकाच फळीवर. दोन्ही आठ-आठ किलोच्या, कापडी. दिवसाढवळ्या झाडू मारायला म्हणून गेलो, सतराचं बी काढून तेवीसच्या पिशवीत, तेवीसचं सतराच्या. आता सतरा म्हणून जो पेरला जाईल तो खरा तेवीस. मे महिन्यात आकडा येईल बेचाळीस. साहेब म्हणतील, हवामानामुळं त्रेसष्टचा बेचाळीस झाला. हवामान मीच लिहितो.

गाठी मारल्या, किल्ली चाचांना दिली. कुणाला सांगितलं नाही, अक्कालाही नाही. परवा पेरणी आहे, तेव्हाच सांगून चकित करायचं.

६ नोव्हेंबर

घात झाला.

सकाळी पेरणीच्या पुड्या भरायला किल्ली मागायला गेलो. चाचा म्हणाले, "क्या है रे उस खोली में? परसों तू, कल सवेरे मॅडम, शाम को साहब खुद. चावी का तो छल्ला झिज गया."

साहेबांनी वीस वर्षांत त्या खोलीची किल्ली मागितलेली नाही. चाचा म्हणाले, एकटेच आत गेले, दार लावलं, बाहेर आले तेव्हा काळ्या पँटला सगळा भुस्सा. मॅडमनं पण दार लावलं होतं.

पळत आत गेलो. दोन्ही पिशव्यांना माझी गाठ नाही. बुटाच्या नाडीसारखी फुलाची गाठ. शेतावरचं कुणी पोत्याला फूल घालत नाही.

म्हणजे साहेबांना सगळं पटलं होतं. ज्यांनी मला वही वाचायला लावली तेच गुपचूप येऊन खरं बी सतराच्या पिशवीत घालून गेले. फक्त ते खरं बी मी आधीच घातलेलं, त्यामुळं त्यांनी ते काढून परत खोटं घातलं. हे झालं मी आणि साहेब. आता मधल्या मध्ये मॅडमनं पण तेच केलं असेल तर साहेबांच्या हातून ते परत खरं झालं. आणि मॅडम नुसतीच बघून गेली असेल तर खोटं. नववी नापास माणसाला असलं गणित कुणी घालू नये. मॅडमला विचारावं तर मी काय केलं ते सांगावं लागणार. साहेबांना विचारायची सोयच नाही. आणि दोन्ही पिशव्यांत गहू एकदम सारखा, पिवळसर, टपोरा. तपासायला पाठवावा तर आकडा यायला दोन महिने. पेरणी दहा वाजता.

अक्काला ओढत आणलं, सगळं सांगितलं. मला वाटलं तिला भोवळ येईल. ती हसायला लागली. एवढे दिवस झाले, तिला असं हसताना मी बघितलंच नव्हतं, दाराला धरून, पदर तोंडात धरून.

"एवढी शिकलेली मानसं, आन सगळी चोरासारकी," म्हणाली.

मग खाली बसली. एका पिशवीतले दहा-बारा दाणे तोंडात टाकून चावायला लागली. शेरडासारखी, डोळे मिटून. चावता चावता गव्हाचा चीक होतो, तो बोटानं काढून ताणला. तो तुटला. दुसऱ्या पिशवीतले चावले, ताणले. तो लांबत गेला, लांबत गेला, मधे पारदर्शक झाला तरी तुटेना.

"ह्यो," म्हणाली.

तो तेवीसच्या पिशवीत होता. म्हणजे मॅडमनं काही केलं नव्हतं, नुसती बघून गेली होती. किंवा दोनदा केलं होतं. ते तिचं तिला माहीत.

अक्काची खात्री, पण माझी होईना. मी तिला पाठ फिरवायला लावून तीन वेळा पिशव्या बदलून परत चावायला दिलं. तिन्ही वेळा तिनं बरोबर सांगितलं, आणि चौथ्यांदा म्हणाली, आता माझं दात दुखत्यात, तू पेरतोस का मी जाऊ.

सतराच्या पुड्या आम्ही त्या बियाण्यानं भरल्या. चाळीस पुड्या, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात सतरा. सतराचं बी तेवीसच्या पिशवीत ओतून तिला मी फुलाची गाठ मारून ठेवली, साहेबांची होती तशी. दहाला पेरणी सुरू झाली. साहेब बांधावर उभे होते. माझ्याकडं बघत नव्हते. मीही त्यांच्याकडं बघत नव्हतो. मॅडम वहीत बघत होती.

२४ नोव्हेंबर

बाद नंबर कोंबड्यांना गेले. त्यात तेवीस लिहिलेली पिशवी पण गेली. गाडीत चढवताना साहेबांनी तेवढी एकच पिशवी स्वतः हातानं चढवली.

माझं कायमचं होणार नाही. जागा नाही, असं पत्र आलंय म्हणे. साहेबांनी हे सांगताना माझ्या डोळ्यांत बघितलं, तेवढं चांगलं केलं. दोस्ताचा फोन होता, चाकणला चल म्हणतोय. सांगितलं, मे महिन्यापर्यंत नाही जमणार. आकडा बघितल्याशिवाय कसा जाऊ.

१२ डिसेंबर

गहू गुडघ्याच्या खाली आहे, हिरवागार. आम्ही खुरपत होतो. साहेब मॅडमला घेऊन वाफे बघत आले. बूट मातीत गेले तरी झटकले नाहीत. सतराच्या पाटीपाशी थांबले. कितीतरी वेळ उभे राहिले. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारायला माणूस सापडत नव्हता असं तोंड.

मग त्यांनी अक्काला हाक मारली. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला काही विचारलं असेल.

"केराबाई, हा सतरा कसा वाटतोय तुम्हाला?"

अक्कानं खुरपं खाली ठेवलं. एक पान बोटांत धरून सरळ केलं.

"ह्यो तेवीस हाय, साहेब," म्हणाली.

मॅडमनं वही छातीशी धरली. चौदाच्या चौदा खुरपी थांबली होती. साहेबांनी पाटीकडं बघितलं, मग अक्काकडं, मग माझ्याकडं, आणि मला वाटलं, आता वही मागवतील, नोंद वाचायला लावतील.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नक्की?" एवढंच विचारलं, तेही हळू.

"माझ्या हातचा हाय."

साहेब वळले आणि बांधावरच्या बडेसाब चाचांना ओरडून म्हणाले, सतराला पाणी कमी पडतंय, आधी इकडं सोडा. मग चालत निघून गेले. मॅडम त्यांच्या मागं.

अक्का परत खाली बसली. दोन हात पुढं खुरपलं असेल, मग पाटीकडं मान करून मला म्हणाली, "धुळा, वारं लागून सतरा वाकडा झालाय बग. सरळ कर आन नीट ठोक."

मी दगड घेतला आणि ठोकला.